आईंचे गुडघे, एक्स-रे आणि ‘आता जपून राहा’ हा सल्ला

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल.

आई ६७ वर्षांच्या. चोपडा तालुक्यातल्या गावी तुमच्या थोरल्या भावाकडे राहतात, तुम्ही पुण्यात. चार-पाच वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेमध्ये ‘ग्रेड ३, गॅप कमी’ असं आलं. झीज झालीय, जपून राहा, जिना चढू नका, खाली बसू नका, फार चालू नका, असं त्यांना सांगण्यात आलं. आईंनी ते अक्षरशः पाळलं. आधी शेतात जाणं सुटलं, मग देवळात, मग गल्लीतल्या बायांकडे घटकाभर बसायला जाणंही. आता कोणीतरी व्यायाम सुचवलाय आणि तुम्हाला धास्ती वाटतेय, की आधीच झिजलेला गुडघा व्यायामाने आणखी झिजला तर?

मापात केलेल्या व्यायामाने गुडघा जास्त झिजत नाही, हे आधी सांगून टाकतो. पण तुमच्याच लिहिण्यात एक वाक्य आहे, त्याकडे लक्ष वेधतो. ‘वर्षभर आराम करूनही दुखणं वाढलंच,’ असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. आईंच्या गुडघ्यातली गॅप किती मिलिमीटर उरली यापेक्षा त्यांच्या दिवसातून किती गोष्टी गेल्या, हे जास्त काळजीचं आहे. आणि गेलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच परत आणता येतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जळगाव जिल्ह्यात २२ वर्षं काम करतोय आणि माझा निम्मा दिवस गुडघ्यांमध्येच जातो. आईंना मी तपासलेलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं ‘बहुतेक लोकांना लागू पडतं’ या बेताने वाचा. कुठे थांबून डॉक्टरांना विचारायचं, तेही सांगतो.

‘झीज’ हा शब्द ऐकला की माणसाच्या डोळ्यांपुढे टायर येतो. जितका फिरवाल तितका घासणार, तेव्हा गाडी उभी करून ठेवलेली बरी. सांधा तसा चालत नाही. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि ते वंगण आत-बाहेर खेळतं ते कूर्चेवर दाब पडून सुटला की. भांडी घासायचा स्पंज पाण्यात दाबून सोडल्यावर पाणी ओढून घेतो, तसंच. चालताना, उठता-बसताना हाच दाब पडतो आणि सुटतो. पाय दिवसभर खाटेवर पडून राहिला तर हे थांबतं.

दुसरी गोष्ट, कूर्चेत दुखणं कळवणाऱ्या नसा नसतात. दुखतं ते तिच्या आसपासचं, म्हणजे कूर्चेखालचं हाड, सांध्याचं आवरण, बाजूच्या शिरा-स्नायू. म्हणून एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही. ते ‘ग्रेड’ केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली घालून दिलेल्या पद्धतीचे आहेत, शून्यापासून चारपर्यंत. हाडांची ठेवण कशी दिसते, एवढंच त्यावरून कळतं. माणूस किती चालू शकतो ते त्यात लिहिलेलं नसतं. माझ्याकडे ग्रेड ४ चे एक आजोबा यायचे, ते चैत्रात पायी वणीच्या गडाला जाऊन यायचे. आणि ग्रेड २ च्या एक काकू अशा होत्या की मोरीपर्यंत जायलाही सुनेचा हात लागायचा. दोघांच्या फिल्म शेजारी लावल्या असत्या तर कोणीही उलटंच सांगितलं असतं.

मग त्या दोघांत फरक कशाचा होता? बराचसा मांडीचा. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याचा धक्का झेलतो. गुडघा दुखला किंवा त्यात पाणी झालं की मेंदू आपणहून त्या स्नायूचा जोर कमी करतो. जोर कमी झाला की धक्का सांध्यावर जातो, सांधा आणखी दुखतो, माणूस आणखी बसून राहतो, आणि मांडी वाळत जाते. आईंच्या दोन्ही मांड्या हाताने चाचपून पाहा. उजवी डावीपेक्षा मऊ आणि बारीक लागली तर मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

‘आणखी झिजेल’ ही भीती लोक फार काळापासून तपासून पाहताहेत. अमेरिकेत ६० वर्षांवरच्या, गुडघेदुखी असलेल्या ४३९ लोकांचा अभ्यास १९९७ साली छापून आला. एका गटाला चालायला लावलं, दुसऱ्याला वजनं घेऊन ताकदीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला फक्त आजाराची माहिती दिली. दीड वर्षाने व्यायामाच्या दोन्ही गटांचं दुखणं कमी होतं आणि रोजची कामं जास्त जमत होती. फरक प्रचंड नव्हता, पण होता. आणि एक्स-रे पाहिले तर व्यायाम केलेल्यांत आणि न केलेल्यांत काही फरक नव्हता. दीड वर्ष चालून कोणाचा गुडघा जास्त झिजला नाही. झिजलेला भरूनही आला नाही, हेही तितकंच खरं. कूर्चा परत वाढवून देतो असं कोणी सांगून पैसे मागितले तर देऊ नका. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं असोत की अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची २०१९ ची, व्यायाम दोन्हींमध्ये पहिल्या फळीचा उपचार आहे, वय काहीही असो.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो. सकाळी उठल्यावर गुडघे आखडतात, पण पाव ते अर्ध्या तासात मोकळे होतात, असं असेल तर ते या झिजेच्या संधिवाताशी जुळतं. तास-दीड तास आखडलेले राहत असतील, हातांची बोटंही सुजत असतील, तर तो वेगळा वात असू शकतो. त्याची रक्ततपासणी आणि औषधं निराळी. गुडघा एकदम लाल, गरम, टचटचीत सुजला आणि ताप आला, पडल्यानंतर पायावर भारच देता येत नाही, गुडघा मध्येच अडकून बसतो, एकच पोटरी सुजून दुखते, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, यातलं काहीही असलं तर व्यायाम बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. चालताना छातीत दाटतं किंवा दम अडतो, तर आधी हृदयाची तपासणी. साखरेची इंजेक्शनं चालू असतील तर उपाशीपोटी व्यायाम नको. आणि कधी कधी गुडघ्यात जाणवणारं दुखणं मुळात खुब्याचं किंवा कमरेचं असतं. म्हणून एकदा प्रत्यक्ष हात लावून तपासून घेणं मला गरजेचं वाटतं. चोपड्यात किंवा जळगावात कुठेही चालेल.

सुरुवातीच्या वर्षांत मी एक चूक करायचो. प्रत्येकाला दहा-बारा व्यायामांची छापील चित्रं द्यायचो. महिन्याने विचारलं तर तो कागद देव्हाऱ्याच्या कपाटात व्यवस्थित घडी करून ठेवलेला असायचा, व्यायाम एकही झालेला नसायचा. पुढे मी उलटीकडून सुरू केलं. आधी विचारायचं, ‘सगळ्यात आधी काय परत करता यायला हवं?’ आणि त्या एका कामाला लागेल तेवढंच द्यायचं. आईंना हा प्रश्न तुम्ही फोनवर विचारा. ‘दुखणं गेलं पाहिजे’ हे उत्तर पहिल्यांदा येईलच. पुन्हा विचारा. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला नदीपर्यंत चालत जायचंय, आखाजीला लेकी माहेरी येतील तेव्हा त्यांच्या पंगतीत खाली बसायचंय, असं काहीतरी निघेल. ते लिहून ठेवा. व्यायाम त्याच्यासाठी आहे.

अमळनेरकडच्या एका आजींच्या घरी गेलो होतो. खाट नवारीची, मधोमध झोळीसारखी खोल गेलेली. त्यातून उठताना त्या दोन्ही हातांनी खाटेची पाटी धरायच्या, तीनदा झोका घ्यायच्या, आणि मग ‘मन्हा गुडघा दुखतस, भाऊ’ म्हणत परत मागे बसायच्या. मी पाय लांब करायला सांगितले, गुडघ्याखाली जुन्या लुगड्याची घडी ठेवली आणि म्हटलं, ही घडी गुडघ्याने खाली दाबा. त्यांचा हात त्यांच्याच मांडीवर ठेवायला लावला. पहिल्यांदा काहीच हललं नाही. दुसऱ्यांदा बोटं ताणली गेली, चेहरा ताणला गेला, मांडी तशीच. चौथ्या-पाचव्या वेळी गुडघ्याच्या वाटीच्या वर, चार बोटांवर, कातडीखाली काहीतरी थरथरलं. आजींनी दचकून हात काढला आणि परत ठेवला. मग त्या मला विसरून दाबत राहिल्या. त्या दिवशी तेवढंच केलं, आणि जाताना त्यांच्या मुलाला सांगितलं की खाटेची नवार ताणून घ्या आणि चारही पायांखाली एकेक वीट पक्की बसवा, हलता कामा नये. खाट एका विटेने उंच झाली आणि त्या दुसऱ्या दिवशी झोका न घेता उठल्या. सगळंच ताकदीने होत नाही. काही गोष्टी उंचीनेही होतात.

तर आईंसाठी सुरुवात हीच. खाटेवर पाय लांब, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, दाबायचं, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. दहा वेळा, प्रत्येक पायाने, सकाळ-संध्याकाळ. आकडे मोठ्याने मोजायला सांगा, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. बीपी असलेल्यांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

चार-पाच दिवसांनी खुर्चीवर या. एकच व्यायाम सांगायची परवानगी असती तर मी हा सांगितला असता, खुर्चीतून उठणं आणि बसणं. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. आपल्याकडच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या फरशीवर सरकतात, तेव्हा याबाबतीत कडक राहा. बैठक गुडघ्याच्या उंचीची किंवा थोडी वर. कमी पडली तर गोधडीची घडी टाका. पाय थोडे मागे ओढायचे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाकायचं आणि उठायचं. गरज असेल तर हाताचा आधार घ्यायला काहीच हरकत नाही. खरी कमाई बसताना आहे. धपकन बसायचं नाही, एक-दोन-तीन मोजत सावकाश टेकायचं. पाच वेळा करा, थोडं थांबा, पुन्हा पाच. आठवड्याला एक-दोन वाढवत दहा-दहाचे तीन फेरे झाले की गोधडीची एक घडी काढा. मोरीतून उठणं, बसमध्ये चढणं, देवळातून उठणं, सगळ्याच्या मुळाशी हीच हालचाल आहे.

त्याच्या जोडीला खुर्चीत बसून पाय सरळ करणं. आठवड्याभराने घोट्याला वजन. बाजारातून काही आणायला नको, जुन्या कापडात अर्धा किलो गहू बांधले की पुरचुंडी तयार. पंधरा दिवसांनी एक किलो. आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा उचलणं, एकेक पाय बाजूला नेणं. चहा उकळेपर्यंत हे दोन्ही होतात. बाजूला पाय नेणं लोक हमखास गाळतात, कारण गुडघ्याशी त्याचा संबंध काय ते कळत नाही. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर असेल तर प्रत्येक पावलाला अंग एका बाजूला झुलतं. त्या झुलत्या चालीवरूनच गुडघ्याचं दुखणं लांबून ओळखू येतं. शेवटी ओट्याला एक हात ठेवून एका पायावर दहा आकडे उभं राहणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरच्या लोकांना आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकदीच्या हालचाली करायला सांगितलंय, ते पडणं टळावं म्हणून. या वयात खुबा मोडला तर गुडघ्याची तक्रार फारच किरकोळ वाटायला लागते.

किती करायचं, याचं माप आईंना आण्यांत सांगा. माझे जुने पेशंट बरं वाटणंही आण्यांत सांगतात, ‘बारा आणे फरक आहे’ म्हणून. सोळा आणे म्हणजे सहनच होणार नाही असं दुखणं. व्यायाम करताना पाच-सहा आण्यांपर्यंत दुखलं तर चालू द्या. आठ आण्यांच्या वर गेलं तर तो व्यायाम हलका करा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर उतरलं पाहिजे. उतरलं तर माप बरोबर. नाही उतरलं किंवा गुडघा सुजला तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. बंद करू नका, निम्मं. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ‘ग्लॅड’ नावाचा गुडघा-खुब्याच्या व्यायामाचा कार्यक्रम चालतो, तिथेही साधारण हाच नियम आहे, फक्त शून्य ते दहाच्या पट्टीवर. मांडी दुखणं आणि सांधा दुखणं यात फरक करायलाही शिकवा. पहिल्या दहा-बारा दिवसांत मांड्या भरून येतील, जशा वर्षभराने निंदणीला गेल्यावर येतात. ते चांगलं लक्षण आहे.

आणि घाई करू नका. ताकद वाढायला सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात, नेमकं तेव्हाच, जेव्हा श्रम दिसतात आणि फळ दिसत नाही.

चालण्याबद्दल थोडं. आत्ता आई किती चालतात? दुखायला लागण्याआधी पाच मिनिटं जमत असतील तर चार मिनिटांवर थांबायचं, दिवसातून तीनदा. दर तीन-चार दिवसांनी एकेक मिनिट वाढवायचं. एका दमात अर्धा तास चालण्यापेक्षा तीन वेळा दहा मिनिटं त्यांना सोसतील. आपल्याकडे ऋतूचाही हिशेब धरावा लागतो. चैत्र-वैशाखात ऊन ४५ अंशांपर्यंत जातं, तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत, नाहीतर घरातच ओसरीतून परसापर्यंत फेऱ्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला चिकटतो आणि पाय सटकतो. शेताच्या वाटेने नको, डांबरी रस्त्याने चला. चप्पल मागून पट्टा असलेली घ्या. घासून गुळगुळीत झालेली प्लॅस्टिकची चप्पल आजच बाहेर काढा.

काठीचा विषय काढला की आपल्या बायांचे डोळे भरून येतात, ‘म्हणजे मी म्हातारी झाले’ म्हणून. मी त्यांना सांगतो, कानबाईला नदीपर्यंत जायचंय ना, मग काठी सोबतीला घ्या. ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. आईंचा उजवा गुडघा जास्त दुखतो, म्हणजे काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय टाकताना काठी सोबत टेकायची. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि मग फायदा होत नाही. उंची मनगटाच्या घडीइतकी.

खाली बसण्यावर मी सरसकट बंदी घालत नाही. उकिडवं किंवा मांडी घालून बसताना गुडघ्याच्या वाटीवर भार वाढतो, हे खरं. तासन्‌तास उकिडवं बसून निंदणी करणं आईंना आता झेपणार नाही, आणि त्याचा हट्टही नको. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची घ्या, शेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा. पण कायमचं ‘जमिनीवर बसायचंच नाही’ म्हटलं की पंगत गेली, भजन गेलं, नातवाशी खेळणं गेलं. आधी पाटावर, त्यावर गोधडीची घडी, पाय समोर लांब. हळूहळू घडी कमी. आणि उठायची रीत शिकवा. एका कुशीवर वळायचं, हात टेकून गुडघे-हातांवर यायचं, खाट किंवा खुर्ची धरायची, कमी दुखणारा पाय पुढे रोवायचा आणि उठायचं. गुडघ्यांखाली उशी ठेवा. घरात कोणी असतानाच सराव करायचा. जमिनीवरून स्वतः उठता येतं हे कळलं की एकटीने परसात जायची भीतीही कमी होते, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

वजनाचं तुम्ही काही लिहिलं नाही. जास्त असेल तर त्यातून मिळणारा फायदा मोठा आहे. २००५ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, गुडघ्याचा संधिवात असलेल्या लठ्ठ लोकांमध्ये, कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे एकेका पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरलेला दिसला. पाच किलो म्हणजे वीस किलोचं पोतं उतरवल्यासारखं. त्यासाठी उपास करू नका. आपल्या बाया उपासाला साबुदाणा आणि एरवी चहा-बिस्किटं खातात, त्याने वजन तसंच राहतं आणि मांडी वाळते. भाजीवरची तर्री कमी, शेव अधूनमधून, कळण्याची भाकरी एखादी कमी, आणि वरण, मूग-मटकी, दूध, दही, चालत असेल तर अंडं रोज. स्नायू कशाचा तरी बनायला हवा ना.

गोळ्यांबद्दल एवढंच, की मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ देऊ नका. पोट, किडनी, बीपी तिन्हींना त्या त्रास देतात. गावात कोणी देत असलेल्या बिननावाच्या पुड्या तर मुळीच नाही, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. दुखणं कमी करून व्यायाम सुरू करता यावा म्हणून वेदनाशामक मलम लावणं किंवा डॉक्टरांनी ठराविक दिवसांसाठी दिलेली गोळी, हे ठीक. ग्लुकोसामाइनवर खर्च करू नका, मघाशी सांगितलेल्या दोन्ही मार्गदर्शक तत्त्वांनी ते नाकारलंय. शेक जरूर द्या. उनपदेवच्या गरम झऱ्यावर जाऊन आल्यावर बरं वाटतं असं लोक सांगतात, ते खरंच आहे. ऊब मिळाली की आखडलेपणा सैल होतो. पण ते व्यायामाच्या आधीचं काम. त्या सैल झालेल्या अर्ध्या तासात व्यायाम करून घ्या.

ऑपरेशन टाळायचंच असं माझं म्हणणं नाही. सांधा बदलण्याने ज्यांचं आयुष्य परत सुरू झालं असे कितीतरी जण मी पाहिलेत. २०१५ साली डेन्मार्कमधला १०० रुग्णांचा एक अभ्यास आला. ऑपरेशन अधिक व्यायाम या गटाचं दुखणं वर्षभरात जास्त कमी झालं, पण गंभीर गुंतागुंतीही त्याच गटात जास्त होत्या. आणि फक्त व्यायाम, वजन, आहार असा कार्यक्रम केलेल्या गटातल्या साधारण चौघांपैकी तिघांना त्या वर्षात ऑपरेशनकडे जावं लागलं नाही. मी असं सांगतो, तीन महिने मनापासून व्यायाम करूनही रात्रीची झोप दुखण्याने मोडते, घरातल्या घरात फिरणं अवघड आहे, पाय धनुष्यासारखे वाकत चाललेत, तर हाडांच्या डॉक्टरांशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला. तोवर कमावलेली मांडी ऑपरेशननंतर उभं राहताना कामाला येते, ती मेहनत वाया जात नाही.

आता शेवटचं, आणि तुमच्यासाठी सगळ्यात अवघड. हे करून कोण घेणार? पुण्याहून रोज फोनवर ‘केलं का?’ विचारलंत तर आई ‘हो’ म्हणतील. वहिनींवरही आणखी एक काम टाकू नका, त्यांच्यावर आधीच पुष्कळ आहे. घरात दहा-बारा वर्षांचा नातू किंवा नात असेल तर आकडे मोजायचं काम त्यांना द्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण. मुलं या बाबतीत मोठ्यांपेक्षा कडक असतात, आणि आजीलाही त्यांना नाही म्हणवत नाही. तुम्ही रविवारी व्हिडिओ कॉल करा आणि स्वतःही समोर खुर्ची घेऊन आईंसोबत दहा वेळा उठा-बसा. आणि फोनवर ‘दुखतंय का?’ हा पहिला प्रश्न काही दिवस सोडून द्या. ‘आज कुठे जाऊन आलीस?’ असं विचारा.

आज संध्याकाळी एक करा. नातवाला मोबाइलवर ३० सेकंद लावायला सांगा. खुर्ची भिंतीला टेकवा, कोणीतरी शेजारी उभं राहा, आईंनी हात छातीवर घडी घालून जितक्या वेळा पूर्ण उठून बसता येईल तितकं उठायचं-बसायचं. हात न टेकता एकदाही जमलं नाही तर शून्य लिहा आणि हाताचा आधार घेऊन किती झालं ते शेजारी लिहा. शून्य आला म्हणून आईंना वाईट वाटू देऊ नका, माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणींचा पहिला आकडा शून्यच होता. कॅलेंडरवर आजच्या तारखेला तो आकडा, आणि बरोबर सहा आठवड्यांनंतरच्या तारखेला एक गोल. त्या दिवशी परत मोजा आणि दोन्ही आकडे मला कळवा. तपासणीचा कागद आणि आईंचं वजन मिळालं तर तेही. पुढचं आपण त्यावरून ठरवू.